पाणवनस्पतींच्या टँकमध्ये प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि खत यांचा मेळ कसा घालावा

माझ्या पहिल्या टँकमधल्या, म्हणजे पाणवनस्पती लावलेल्या काचेच्या मत्स्यटाकीतल्या, अ‍ॅन्युबियासच्या पानांना दुसऱ्या महिन्यात काळी किनार धरू लागली. जवळून पाहिले तेव्हा ती किनार म्हणजे ब्रशच्या केसांसारख्या आखूड, दाट तंतूंची रांग असल्याचे दिसले. बोटाने चोळून ती निघत नव्हती आणि नखाने खरवडली की शेवाळाबरोबर पानाची कडही फाटून हाती येत होती. पाण्यात खत जास्त झाले की शेवाळ येते असे ऐकलेले असल्यामुळे मी खत पूर्ण बंद केले. पुढच्या तीन आठवड्यांत शेवाळ हटले नाहीच, उलट इतर झाडांच्या जुन्या पानांना भोके पडली, नवी पाने खुरटी निघू लागली आणि काळी किनार त्यांच्यावरही चढली. दोष खताचा नव्हता. दिवा टँकच्या मानाने फार प्रखर होता आणि त्याच्याखाली झाडांना जितका कार्बन डायऑक्साइड लागत होता तितका तो एखाद्या दिवशी मिळे, एखाद्या दिवशी मिळत नसे.

पाणवनस्पतींचा टँक पहिल्यांदाच लावणाऱ्यांना हा फेरा टाळता यावा, यासाठी हे लिहीत आहे. प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि खत यांची नावे नेहमी एका दमात घेतली जातात, त्यामुळे ती सारख्या वजनाची आहेत असे वाटते. तशी ती नाहीत. झाडाने किती वेगाने वाढायचे हे प्रकाश ठरवतो आणि त्या वेगाला लागणारा माल कार्बन डायऑक्साइड व खत पुरवतात. कार्ल श्प्रेंगेल यांनी मांडलेला आणि १८४० च्या सुमारास युस्टुस फॉन लीबिग यांनी सर्वदूर पोहोचवलेला शेतीशास्त्रातला नियम असा आहे की, पिकाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या घटकावर अडते. टँकमध्येही तेच होते. प्रकाश वाढवला आणि कार्बन कमी पडला की झाड अडते. अडलेल्या झाडाची पाने दुबळी होतात आणि शेवाळाला नेमकी तीच जागा हवी असते. म्हणून आधी प्रकाश बेताचा ठेवावा, मग त्याला पुरेल इतका कार्बन द्यावा आणि शेवटी खत कमी पडू देऊ नये, हा क्रम खालच्या पायऱ्यांतही ठेवला आहे.

लागणारे साहित्य

- तेज कमी-जास्त करता येणारा एलईडी दिवा आणि दोन टायमर
- टँकच्या पाण्याच्या पाच ते दहा पट पाणी दर तासाला फिरवणारा फिल्टर
- अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि केएच (पाण्यातली कार्बोनेट कठीणता, अंशांत) मोजण्याचे चाचणी संच
- ड्रॉप चेकर (पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगावरून दाखवणारी काचेची कुपी) आणि त्यात भरायचे ४ केएचचे तयार द्रावण
- सीओटू (म्हणजे कार्बन डायऑक्साइड) वेगळा देणार असाल तर सिलिंडर, रेग्युलेटर (दाब कमी करणारा), सोलेनॉइड (विजेवर वायू चालू-बंद करणारी झडप), नीडल व्हॉल्व्ह (वायूचा वेग ठरवणारी बारीक झडप), बबल काउंटर (बुडबुडे मोजायची कुपी), चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप), सीओटूसाठीची नळी आणि डिफ्यूझर (वायूचे बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडणारा)
- ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, १० मिलीलिटरची सिरिंज, दोन बाटल्या आणि डिस्टिल्ड वॉटर
- पोटॅशियम नायट्रेट, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, पोटॅशियम सल्फेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचे तयार मिश्रण
- पाण्यातला क्लोरीन घालवणारे औषध, लांब कात्री, चिमटा आणि एक वही

वही शेवटी लिहिली असली तरी माझ्या मते यादीतली सर्वांत उपयोगी वस्तू तीच आहे. दिव्याची टक्केवारी, बुडबुड्यांचा वेग, खताची मात्रा आणि त्या दिवशी पाने कशी दिसत होती, एवढ्या चार ओळी आठवड्यातून दोनदा लिहिल्या तर दोन महिन्यांनी काही बिघडल्यास आपण नेमके काय बदलले होते याचा शोध घेता येतो.

१. टँक सीओटूचा की बिनसीओटूचा, हे आधी ठरवा

हा निर्णय दिवा विकत घेण्याआधी व्हायला हवा. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात प्रतिलिटर साधारण अर्धा मिलिग्रॅमच कार्बन डायऑक्साइड राहतो. मासे आणि जिवाणू यांच्या श्वसनामुळे टँकमध्ये तो थोडा वाढतो, पण दोन-तीन मिलिग्रॅमच्या फार पुढे जात नाही. त्यातच हा वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. जमिनीवरच्या झाडाच्या पानाला वाऱ्याबरोबर जे आयते मिळते, ते पाण्याखालच्या पानाला मिळवावे लागते.

अ‍ॅन्युबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिसनेरिया आणि बहुतेक मॉस एवढ्याच झाडांवर समाधान असेल तर वेगळा सीओटू लागत नाही. दिवा मंद ठेवावा, वाढ सावकाश होईल हे मान्य करावे आणि खत अगदी थोडे द्यावे. असा टँक वर्षानुवर्षे निकोप राहतो. जमिनीलगत पसरणारे हिरवे गालिचे, लालबुंद रोटाला किंवा नाजूक खोडांची दाट झाडी हवी असेल, तर मात्र सिलिंडर लागतो. मधला मार्ग, म्हणजे प्रखर दिवा आणि सीओटू नाही, हा हमखास फसणारा मार्ग आहे. माझा पहिला टँक बहुतांश काळ तसाच होता.

२. पहिल्याच दिवशी झाडे दाट लावा

चार काड्या लावून त्या पसरण्याची वाट पाहणे म्हणजे मधल्या काळात सारा प्रकाश आणि सारे खत शेवाळाच्या स्वाधीन करणे होय. तळाचा निम्म्याहून अधिक भाग पहिल्या दिवशीच झाडांनी झाकलेला असावा आणि त्यांत हायग्रोफिलासारखी झपाट्याने वाढणारी, स्वस्तात मिळणारी झाडे भरपूर असावीत. टँक स्थिरावल्यावर ती काढून टाकता येतात. अ‍ॅन्युबियास आणि जावा फर्न यांचे आडवे खोड मातीत पुरू नये, ते कुजते. दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे.

रोपवाटिकेत बरीच पाणवनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असते. पाण्यात आल्यावर तिची जुनी पाने विरघळून जातात आणि पाण्याखाली टिकणारी नवी पाने येतात. क्रिप्टोकोरिन तर जागा बदलली तरी सारी पाने टाकते. याला घाबरून झाड उपटू नका. कुजणारी पाने तेवढी कापून काढा आणि मुळे जागच्या जागी राहू द्या.

पोषक माती वापरली असेल तर पहिल्या काही आठवड्यांत तिच्यातून अमोनिया सुटतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी वरचेवर बदलावे आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासे सोडू नयेत. अमोनिया आणि प्रखर उजेड एकत्र आले की पाणी हिरवे होण्याचा मोठा धोका असतो, हे दिवा सुरुवातीला मंद ठेवण्याचे आणखी एक कारण आहे.

३. प्रकाश: हवासा वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा

झाडांच्या उपयोगाचा प्रकाश म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि त्यालाच पार (PAR) म्हणतात. तो दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणाऱ्या मायक्रोमोल फोटॉनांत मोजतात, पण बोलताना त्या आकड्यालाही नुसते ‘पार’ म्हणतात. टँकच्या तळाशी १५ ते ३० पार म्हणजे कमी प्रकाश, ३० ते ५० म्हणजे मध्यम आणि त्यापुढे जास्त, असे ढोबळ मानाने धरावे. पूर्वी ट्यूबलाइटच्या काळात लिटरमागे किती वॅट असा हिशेब चाले. एलईडीला तो लागू पडत नाही, कारण तेवढ्याच वॅटमध्ये दोन दिवे अगदी वेगळा प्रकाश देऊ शकतात. पार मोजण्याचे यंत्र महाग असते आणि एका टँकसाठी ते विकत घेणे आवश्यक नाही. दिवा बनवणाऱ्याने ठरावीक खोलीवर किती पार मिळतो हे दिलेले असेल तर तो आकडा पाहावा, नसेल तर दिवा निम्म्या तेजावर ठेवून सुरुवात करावी.

पहिले चार आठवडे दिवसाला सलग सहा तास दिवा पुरतो. झाडे नवी पाने धरू लागली आणि काचेवर फारसे शेवाळ दिसत नसेल, तर सात आणि मग आठ तासांपर्यंत जावे. आठ तासांपलीकडे नेण्याची गरज मला कधी भासली नाही. दिवा हाताने चालू-बंद करण्याच्या भानगडीत पडू नका. एखाद्या दिवशी विसर पडून बारा तास दिवा राहिला तर पुढचा आठवडा काच घासण्यात जातो. खिडकीतून थेट ऊन पडणारी जागा टँकसाठी नको, कारण त्या प्रकाशाला ना टायमर असतो ना मर्यादा.

ज्या दिव्याचे तेज कमी करता येत नाही तो टँकपासून उंच टांगावा किंवा पाण्यावर काही तरंगती झाडे सोडावीत. टँक डोळ्यांना थोडा अंधारा वाटेल. आपले डोळे हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला अधिक दाद देतात, त्यामुळे डोळ्यांना काय वाटते यावरून झाडांना किती मिळते याचा अंदाज बांधू नये.

४. कार्बन डायऑक्साइड: पुरेसा आणि रोज सारखा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण टँक बहुतेकदा इथेच बिघडतो. प्रतिलिटर २० ते ३० मिलिग्रॅम हे नेहमीचे उद्दिष्ट आहे. पण आकड्यापेक्षाही तो दररोज, दिवा लागल्यापासून मालवेपर्यंत, जवळजवळ सारखा असणे महत्त्वाचे आहे. पानांच्या कडांवरची ती काळी ब्रशसारखी किनार अनेकदा सीओटूच्या याच चढउताराची खूण असते.

यीस्ट आणि साखर किंवा सायट्रिक आम्ल आणि खाण्याचा सोडा यांपासून घरी सीओटू करता येतो. यीस्टचे आंबणे हवेच्या तापमानाप्रमाणे कमी-जास्त होते, ते रात्री थांबवता येत नाही आणि बाटली जुनी होत जाईल तसा वायू ओसरतो. अगदी लहान टँकसाठी शिकण्यापुरते ते ठीक आहे, परंतु बेभरवशाच्या सीओटूपेक्षा मंद दिवा आणि सीओटू अजिबात नाही ही जोडी झाडांना अधिक मानवते असे माझे स्पष्ट मत आहे. बाटलीत मिळणारा ‘द्रवरूप कार्बन’ हा तर कार्बन डायऑक्साइड नसतोच. त्यात बहुधा ग्लुटारल्डिहाइड असते, जे शेवाळ मारते पण व्हॅलिसनेरिया आणि काही मॉस यांनाही मारते. ते हाताळताना हातमोजे घालावेत.

सिलिंडर नेहमी उभा आणि पक्का बांधलेला असावा. आडवा पडला तर द्रवरूप वायू रेग्युलेटरमध्ये शिरतो. आत द्रव शिल्लक असेपर्यंत २० अंश सेल्सिअसला दाब सुमारे ५७ बारच राहतो, म्हणून दाबमापक महिनोन्महिने एकच आकडा दाखवतो. तो आकडा घसरू लागला की द्रव संपला असे समजावे आणि सिलिंडर लगेच भरून आणावा, कारण काही रेग्युलेटर अखेरच्या टप्प्यात उरलेला वायू एकदम टँकमध्ये सोडतात. सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासावी. हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो आणि बंद खोलीत साठला तर माणसालाही घातक ठरतो, म्हणून सिलिंडर हवेशीर जागी, उन्हापासून दूर ठेवावा. चेक व्हॉल्व्ह नळीत न विसरता घालावा, नाहीतर वायू बंद झाल्यावर टँकचे पाणी उलटे रेग्युलेटरमध्ये चढते.

टायमर असा लावावा की दिवा लागण्याआधी दीड-दोन तास सीओटू सुरू होईल आणि दिवा मालवण्याच्या तासभर आधी बंद होईल. दिव्याबरोबरच सीओटू सुरू केला तर दिवसातले पहिले दोन तास झाडांना प्रकाश मिळतो पण कार्बन मिळत नाही. रात्री झाडे स्वतःच ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे रात्री सीओटू चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

*मात्रा कशी मोजायची.* ड्रॉप चेकरच्या काचेच्या कुपीत ४ केएचचे द्रावण आणि रंगसूचक असतो; टँकच्या पाण्यातला वायू मधल्या हवेच्या पोकळीतून त्यात मिसळतो. निळा रंग म्हणजे कमी, हिरवा म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे जास्त. कुपीत टँकचे पाणी भरू नये. पीएच आणि केएचवरून सीओटू काढण्याचे सूत्र असे: केएचला ३ ने गुणावे आणि त्या गुणाकाराला १० च्या ‘७ वजा पीएच’ इतक्या घाताने गुणावे. केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर उत्तर ३० येते. मात्र हे सूत्र पाण्यात कार्बोनेटखेरीज पीएच बदलणारे दुसरे काही नसेल तरच खरे ठरते. पोषक माती, लाकडातून उतरणारी आम्ले आणि फॉस्फेट यांमुळे टँकच्या पाण्यावर ते फसते, आणि म्हणूनच कुपीत वेगळे, तयार द्रावण लागते.

दुसरा उपाय म्हणजे टँकचे पाणी पेल्यात घेऊन दिवसभर उघडे ठेवावे, त्यातला वायू निघून गेल्यावर पीएच मोजावा आणि सीओटू पूर्ण चढल्यावर टँकमधला पीएच मोजावा. पीएच एका अंकाने उतरला म्हणजे सीओटू दसपट झाला. बरेच अनुभवी लोक एक ते सव्वा अंकाच्या उताराचे उद्दिष्ट ठेवतात आणि तिथून माशांकडे पाहून पुढे-मागे करतात.

माशांकडे पाहणे का आवश्यक आहे ते मी वाईट रीतीने शिकलो. एका संध्याकाळी ड्रॉप चेकर निळाच दिसतो म्हणून मी नीडल व्हॉल्व्ह किंचित सैल केला, वीस मिनिटांनी रंग बदलला नाही म्हणून आणखी थोडा सैल केला आणि बाहेर गेलो. ड्रॉप चेकर दीड-दोन तास मागचे सांगतो, हे मला ठाऊक नव्हते. परत आलो तेव्हा मासे पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून उभे होते, त्यांचे कल्ले भराभर उघडझाप करत होते आणि कुपी लिंबासारखी पिवळी झाली होती. सीओटू बंद करून, फिल्टरचा झोत वर वळवून आणि मगाने पाणी उंचावरून ओतत राहून बहुतेक मासे वाचले, दोन दगावले. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. बुडबुड्यांचा वेग दिवसातून एकदाच आणि थोडासाच बदलायचा, तो अशाच दिवशी बदलायचा ज्या दिवशी पुढचे चार-पाच तास टँकसमोर असेन, आणि मासे धापा टाकू लागले तर कुपीचा रंग हिरवा असला तरी सीओटू कमी करायचा.

सीओटू नव्याने सुरू केल्यावर किंवा त्याची मात्रा बदलल्यावर झाडांना जुळवून घ्यायला दोन-तीन आठवडे लागतात. या काळात पाने रुसलेली दिसली तरी हात आवरावा.

५. पाणी सगळीकडे फिरते का, ते पाहा

सीओटूचा आकडा बरोबर असूनही एका कोपऱ्यातली झाडे मरगळलेली असतील तर तिथे पाणी पोहोचत नाही. दाट झाडीतली सर्व पाने हलकी डोलत असली पाहिजेत. पृष्ठभागावर मंद तरंग असावेत, पाणी उसळू नये. फार उसळले तर सीओटू उडून जातो आणि अगदी निश्चल राहिले तर वर तेलकट साय धरते आणि रात्री ऑक्सिजन कमी पडतो.

६. खत: नत्र, स्फुरद, पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये

शेतीतली नावेच इथेही चालतात. नत्र नायट्रेटच्या रूपाने, स्फुरद फॉस्फेटच्या रूपाने आणि पालाश म्हणजे पोटॅशियम, ही मुख्य अन्नद्रव्ये. लोह, मंगल (मँगनीज), जस्त, तांबे, बोरॉन आणि मॉलिब्डेनम ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बहुधा नळाच्या पाण्यातून मिळतात, पाणी फारच मृदू असेल तरच ती वेगळी घालावी लागतात.

पाणवनस्पतींचे जाणकार टॉम बार यांनी रूढ केलेल्या एस्टिमेटिव्ह इंडेक्स पद्धतीचा विचार मला सर्वांत पटला. प्रत्येक अन्नद्रव्य मोजत बसण्याऐवजी ते झाडांच्या गरजेपेक्षा थोडे जास्तच द्यायचे आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलून उरलेले काढून टाकायचे. टँकमध्ये १०० लिटर पाणी आहे असे धरून मध्यम प्रकाशासाठीचे माझे प्रमाण असे आहे.

*पहिली बाटली.* ५०० मिलीलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ४० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, ३.५ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट आणि १८ ग्रॅम पोटॅशियम सल्फेट विरघळवावे. यातले १० मिलीलिटर टँकमध्ये घातले की प्रतिलिटर सुमारे ५ मिलिग्रॅम नायट्रेट, अर्धा मिलिग्रॅम फॉस्फेट आणि ५ मिलिग्रॅम पोटॅशियम वाढते. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, १० मिलीलिटर द्यावे.

*दुसरी बाटली.* सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण वेगळ्या बाटलीत, वेष्टनावर दिलेल्या प्रमाणाने, आणि मुख्य खताच्या दिवशी नव्हे तर मधल्या दिवशी द्यावे. दोन्ही एका बाटलीत कधीही मिसळू नयेत, कारण लोह आणि फॉस्फेट यांचा संयोग होऊन गाळ तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात. लोह पाण्यात विरघळलेले राहावे म्हणून ते कोणत्या रसायनाबरोबर बांधलेले आहे तेही वाचावे: ईडीटीए लोह पीएच साधारण साडेसहापर्यंत टिकते, डीटीपीए साडेसातपर्यंत. कोळंबी पाळणाऱ्यांनी तांब्याचे प्रमाण नक्की पाहावे, सांगितलेल्यापेक्षा जास्त मात्रा तिला घातक ठरू शकते.

खत साठत जाऊन पाणी विषारी होईल ही भीती नवख्यांना फार छळते, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. झाडांनी काहीच खाल्ले नाही असे धरू. आठवड्याला १५ मिलिग्रॅम नायट्रेट घातले आणि निम्मे पाणी बदलले तर पुढच्या आठवड्याच्या शेवटी साडेबावीस मिलिग्रॅम होते, त्यापुढे सव्वासव्वीस, मग अठ्ठावीसच्या आसपास, आणि कितीही महिने गेले तरी ते तिसाच्या वर जात नाही. झाडे प्रत्यक्षात खातच असतात, त्यामुळे आकडा याहून खालीच राहतो. माशांना भरपूर खाणे मिळत असेल तर त्यांच्या विष्ठेतूनही नायट्रेट येते, तेव्हा महिन्यातून एकदा चाचणी घेऊन पोटॅशियम नायट्रेट कमी करावे. बिनसीओटूच्या टँकला या मात्रेचा चौथा हिस्सा पुरतो. पोटॅशियम नायट्रेट विस्तवापासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवावे.

७. पाने वाचायला शिका

कमतरता जुन्या पानांवर दिसते की नव्या पानांवर, हा पहिला प्रश्न स्वतःला विचारावा. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाला एका पानातून दुसऱ्यात हलवता येतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते. जुनी पाने सर्वत्र पिवळी पडली तर नत्र कमी आहे, जुन्या पानांना टाचणीच्या टोकाएवढी भोके पडून ती मोठी होत गेली तर पालाश कमी आहे. लोह आणि कॅल्शियम हलवता येत नाहीत, त्यामुळे त्यांची उणीव शेंड्याला दिसते: शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट असेल तर लोह पाहावे.

एक सापळा इथे लक्षात ठेवावा. शेंडे वाकडे आणि खुरटे येण्याचे कारण बऱ्याचदा खत नसते, सीओटू असतो. खताची बाटली हातात घेण्याआधी दिवा लागण्याच्या वेळी ड्रॉप चेकर हिरवा असतो का, ते दोन-तीन दिवस पाहावे. आधीच खराब झालेले पान पुन्हा सुधारत नाही. सुधारणा झाली की नाही हे नव्या पानांवरूनच ठरवावे आणि जुनी पाने कापून टाकावीत.

८. शेवाळ दिसले तर

नव्या टँकमध्ये काचेवर आणि पानांवर येणारा तपकिरी थर बहुधा डायटम या एकपेशीय सूक्ष्म शेवाळाचा असतो, तो पुसावा आणि वाट पाहावी, काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. काचेवर चिकटलेले हिरवे कडक ठिपके जास्त प्रकाशाचे किंवा कमी फॉस्फेटचे लक्षण असतात. फॉस्फेट वाढवल्यावर शेवाळ कमी होते हे वाचून आश्चर्य वाटेल, पण ते मी स्वतः पाहिले आहे. काळ्या ब्रशसारख्या शेवाळावर सीओटू स्थिर करणे हाच खरा उपाय आहे आणि त्याने झाकलेली पाने छाटावीतच. निळसर-हिरवा, बुळबुळीत आणि उग्र वासाचा थर हे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर वाढणारे जिवाणू, असतात. तिथले पाणी खेळते करावे, थर नळीने ओढून घ्यावा आणि नायट्रेट शून्यावर गेले आहे का ते तपासावे. पाणीच हिरवे झाले असेल तर तीन दिवस टँक पूर्ण झाकून ठेवावा आणि त्यानंतर मोठा पाणीबदल करावा. त्या तीन दिवसांत सीओटू बंद आणि हवेचा पंप चालू असला पाहिजे.

कोणतेही शेवाळ असो, पहिली कृती म्हणून दिव्याचे तेज किंवा तास कमी करावेत. त्याने नुकसान होत नाही आणि बाकी गोष्टी नीट करायला उसंत मिळते.

९. एका वेळी एकच बदल, आणि तोही दोन आठवडे

दिवा, सीओटू आणि खत एकाच दिवशी बदलले तर परिणाम कशाचा झाला हे कधीच कळत नाही. एक बदल करावा, वहीत तारीख टाकावी आणि दोन आठवडे नव्या पानांकडे पाहत राहावे. सीओटूच्या अतिरेकाने मासे धापा टाकत असतील तेव्हा मात्र थांबू नये, तत्काळ हालचाल करावी.

प्रकाश वाढवायचा झाला तर आधी सीओटू आणि खत त्या वाढीव मागणीला पुरतील इतके आहेत याची खात्री करून घ्यावी आणि मग दिव्याचे तेज एका वेळी दहा टक्क्यांनी वाढवावे. प्रकाश तेवढाच ठेवून केवळ सीओटू सुधारला तरी वाढ बरीच सुधारते, म्हणून पुष्कळदा दिव्याला हात लावण्याची वेळच येत नाही.

१०. काही दिवस घराबाहेर जाताना

निघण्याच्या दोन दिवस आधी निम्मे पाणी बदला, दाट वाढलेली झाडे छाटा आणि दिवा पाच-सहा तासांवर व नेहमीपेक्षा मंद तेजावर आणा. दिवा मंद झाला की खताची मागणीही उतरते, त्यामुळे आठवडाभर खत न मिळाल्याने फारसे बिघडत नाही. निघायच्या दिवशी सीओटूच्या नीडल व्हॉल्व्हला हात लावू नका आणि सिलिंडर संपत आला असेल तर तो तसाच चालू ठेवून न जाता बंद करूनच निघा. शेजाऱ्यांना माशांचे खाणे द्यायला सांगणार असाल तर एकेका दिवसाची पुडी बांधून ठेवा, कारण नवखा माणूस मायेपोटी चिमटीऐवजी मूठभर टाकतो आणि ते कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. निरोगी, मोठ्या वाढीचे मासे आठवडाभर बिनखाण्याचे सहज राहतात. परत आल्यावर आधी पाणी बदला, मग खत सुरू करा आणि दिवा दोन आठवड्यांत हळूहळू पूर्वीच्या तासांवर न्या.